फोटोपुरती शिडं

तो तिला पहिल्यांदा दिसला तेव्हा तिच्या हातात उशी होती आणि ती कोणाला फेकून मारायची, एवढंच ठरायचं बाकी होतं.

“हे जहाज तुम्ही चालवता?”

सुकाणूपाशी उभ्या असलेल्या माणसाने टोपी काढली. कोवळं ऊन त्याच्या कपाळावर आलं, वाऱ्याने केस विस्कटले. माणूस देखणा होता; पण ती रागात असल्यामुळे तिने या मुद्द्याचा विचार पुढे ढकलला.

“हो. मी कप्तान.”

“मग खाली गिरणी कोण चालवतंय?”

ती दातांची डॉक्टर होती. आठवडाभर कानाशी ड्रिलची घरघर आणि समोर लोकांची उघडी तोंडं. स्वप्नातसुद्धा कोणीतरी ‘आ’ करून बसलेलं असायचं. चार दिवस शांतता मिळावी म्हणून आत्याला सोबत घेऊन ती या जुन्या धाटणीच्या शिडाच्या जहाजावर आली होती. जाहिरातीत तीन उंच डोलकाठ्या होत्या, फुगलेली पांढरी शिडं होती, आणि खाली लिहिलं होतं – फक्त वारा आणि तुम्ही. इंजिनाचा उल्लेख राहून गेला होता. ते तिच्या बिछान्याच्या बरोबर खाली होतं आणि त्याचा सूर ड्रिलच्याच खानदानातला होता.

कप्तानाने सगळं शांतपणे समजावून सांगितलं. दुपारी बेटावर जेवण असतं, मग पोहणं, मग चहा. वाऱ्याला घड्याळ कळत नाही आणि कंपनीला दुसरं काही कळत नाही. संध्याकाळी थोडा वेळ शिडं उघडतात, फोटोसाठी. तेव्हाही इंजिन चालूच ठेवतात, कारण फोटोत आवाज येत नाही.

हे तो इतक्या नम्रपणे म्हणाला की तिचा राग दुप्पट झाला. भांडायला आलेल्या माणसाशी गोड बोलणं यासारखा अपमान नाही.

मग ती रोजच भांडायला जाऊ लागली. सकाळी जायची, दुपारी जायची, आणि काही सांगायचं राहिलं असेल तर पुन्हा जायची. आत्या खाली पत्ते पिसता पिसता सहप्रवाशांना सांगायची, आमच्या पोरीचं तसं कोणाशीच पटत नाही. पण एकाच माणसाशी इतक्या नियमाने न पटणं हे मी पहिल्यांदाच बघतेय.

एका संध्याकाळी शिडं उघडली आणि कंपनीचा मॅनेजर सगळ्यांना रांगेत उभं करून ‘वाऱ्याकडे बघा’ म्हणाला. वारा त्यांच्या पाठीमागे होता. कप्तान ते पाहून हसला… अगदी मोकळं, तोंड भरून.

“थांबा,” ती म्हणाली. “पुन्हा हसा.”

“एवढं आवडलं?”

“दाढा बघायच्यात.”

तो गोंधळून ‘आ’ करून उभा राहिला. ती टाचा उंचावून इतकी जवळ आली की तिच्या केसांची बट त्याच्या हनुवटीला लागली. मग ती मागे झाली, आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही झोपेत दात खाता. दाढा घासून सपाट झाल्यात. कोणावर इतका राग आहे?”

“मला राग येत नाही.”

“माझ्या खुर्चीत बसून सगळे असंच म्हणतात – दुखत नाही.”

तो समुद्राकडे वळला. मग त्याने सांगितलं. तो शिडांवरच शिकला होता. रोज मागून छान वारा सुटला की हात आपोआप इंजिनाच्या बटणाकडे जायचा… आणि परत यायचा. परवानगीशिवाय बंद केलं तर जहाज हातचं जाणार, हे मॅनेजरने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. असली जहाजं आता उरलीत कुठे? हे गेलं की आयुष्यभर मालवाहू बोटी हाकायच्या.

कठड्यावर त्याचा हात तिच्या हाताशेजारी होता. मधे एक बोट मावेल एवढीच जागा. तिला भरून आलं, आणि भरून आलं की ती जास्तच चिडायची.

“मग तुम्ही कप्तान नाही,” ती म्हणाली. “ड्रायव्हर आहात.”

त्याचा हात कठड्यावरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती भांडायला गेली नाही. जहाजावर कोणालाच करमेना. ती केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडली होती, स्वतःच्या जिभेला बोल लावत. आणि एकाएकी खालची घरघर थांबली.

ती धावत वर आली. प्रवासी घाबरले होते. एका गृहस्थांनी स्वतःचं आणि बायकोचं, दोन्ही जीवरक्षक जाकिटं अंगात चढवली होती. मॅनेजर विचारत होता, काय बिघडलं?

“काही नाही,” कप्तान म्हणाला. “मी बंद केलंय. वारा मागून आहे.”

मॅनेजरने जेवणाच्या वेळेचा विषय काढला, आणि मग कप्तान जो ओरडला! वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं ओळीने बाहेर आलं. कंपनी झाली, जाहिरात झाली, फोटो झाले, मॅनेजरचा पत्रिकेसारखा छापील चेहराही झाला. खलाशी दोरांना भिडले. हातातले पत्ते कोणी बघू नयेत म्हणून ते कमरेला खोचून आत्याही एका दोराला लोंबकळली. शिडं फडफडली, भरली… जहाज किंचित कललं, आणि लाकडाला घासून जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला. बाकी काही नाही. नुसतं पाणी.

तिचे डोळे वाहायला लागले. अर्थातच ती भडकली.

“वेडा आहेस का तू? जहाज जाईल ना हातचं.”

“काल ड्रायव्हर कोण म्हणालं?”

“मी काहीही म्हणेन. तू ऐकायचं कशाला?”

‘तुम्ही’ कधीच समुद्रात पडलं होतं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

बंदर आलं तेव्हा अंधारायला लागलं होतं. मॅनेजरने फोनवर आपलं काम केलं होतं. धक्क्यावर दुसरा कप्तान उभा होता, घड्याळाकडे बघत. आपल्या कप्तानाने मुकाट्याने बॅग उचलली. उतरताना त्याने डेकवर तिला शोधलं. कठड्याशी फक्त आत्या होती. तिने पत्त्यांसकट हात हलवला.

धक्का संपतो तिथे ती आपल्या सुटकेसवर बसली होती.

“शेवटची बस गेली,” ती म्हणाली. “जहाज उशिरा आलं. कोण मूर्ख होता त्यावर, कोण जाणे.”

“तुझी सफर अजून बाकी आहे.”

“त्या गिरणीत मी झोपणार नाही.”

“आणि आत्या?”

“जिंकतेय. उतरायला तयार नाही.”

त्याने बॅग तिच्या सुटकेसला लागून ठेवली आणि बसला. मागे इंजिन सुरू झालं. त्याला वळून बघवेना. म्हणून तिनेच वळून पाहिलं आणि दोघांच्या वतीने एक सणसणीत शिवी हासडली.

“माझ्यावर अजून रागावलीयस?” त्याने विचारलं.

“खूप. आणि माझा राग लवकर जात नाही, आधीच सांगून ठेवते.”

“किती दिवस?”

“दिवस?” ती म्हणाली. तिने त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला, जरा जोरातच. “जन्म जाईल कदाचित.”

“चालेल,” तो म्हणाला. “मला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही.”