बरम्याचा बोल्ट

अणदूरच्या धुळाप्पा लोहाराच्या बरम्याचा बोल्ट तुटला, तेव्हा सुगी तोंडावर आली होती आणि दुरुस्तीच्या बैलगाड्या दारात खोळंबल्या होत्या. लोखंडाला भोकं पाडायचं ते यंत्र हातानं चाक फिरवून चालायचं. बोल्ट नसला की चाक जागेवर ठरत नसे. लढाईमुळं सोलापूरच्या बाजारात विलायती माल येत नव्हता. दुकानदारानं नुसती मान हलवली. धुळाप्पानं स्वतःच्या भट्टीत एक बोल्ट घडवून पाहिला, पण आटे जुळेनात.

तसला दुसरा बरमा आसपास एकच होता. नळदुर्गात, बाबामियाँच्या कारखान्यात.

बाबामियाँ आणि धुळाप्पा सोलापुरात एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पावसाळ्यात बाबामियाँ हिवतापानं गेले. निरोप आला होता. धुळाप्पा मातीला गेला नाही, नंतरही गेला नाही. आधी काम आडवं आलं, मग उशिरा जायची लाज वाटू लागली. आता बोल्टासाठी त्याच दारात उभं राहायचं होतं.

बाबामियाँच्या बायकोनं, ताहेराबीनं दार उघडलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"आलात, भाऊ! मला ठावं होतं, तुम्ही येणार. लई नाव काढायचे तुमचं."

तिनं गुळाचा चहा दिला. धुळाप्पा घोटाघोटानं पीत राहिला, आणि बोल्टाचं मागणं घशातच राहिलं.

"भाबी, कारखाना जरा बघू का?" तो अखेर म्हणाला.

"बघा की. ते गेल्यापासून कुलूप हाय. कुणी पाऊल टाकलं न्हाय."

आत झरोक्यातून दुपारचं ऊन येत होतं. ऐरणीवर धुळीचा थर होता. भात्यावर जाळी धरली होती. बरम्याच्या चाकाची मूठ तेवढी चकचकीत होती, आताच कुणी हात काढून घ्यावा तशी.

धुळाप्पानं कमरेचा पाना काढला. त्याची गरजच पडली नाही. नटाला बोट लावताच नट सैल फिरला. आट्यांवर ताजं तेल होतं.

बोल्ट त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला. बाहेर ताहेराबी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"हात पुढं करा, भाऊ."

त्याची बोटं काळी झाली होती. ती शांतपणे पाणी ओतत राहिली. काळं पाणी तिच्या अंगणात पसरलं. धुळाप्पाची मान वर झाली नाही.

"पुन्हा या," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बोल्ट बसवला. तो त्याच जागेसाठी घडवल्यासारखा बसला. एरवी चाक फिरवून खांदा भरून यायचा. आज चाक पिसासारखं हलकं झालं होतं. मधेच लोखंडाची पट्टी सरकली. चाकाची मूठ सोडून त्यानं ती दोन्ही हातांनी दाबून धरली. बरमा पट्टीत उतरतच राहिला.

चाकाला आधीचा वेग असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. पट्टीला भोक पडलं. त्यानं दुसरी लावली.

उन्हं चढल्यावर त्याची बायको तुळजाबाई पाणी घेऊन आली. तिच्या हातात दोन तांबे होते.

"दोन कशाला?"

"तुमच्या दोस्ताला नको व्हय? चाक फिरवून घामाघूम झालेत ते." नळदुर्ग तिनं कधी पाहिलं नव्हतं, बाबामियाँनाही नाही. ती आवाज खाली आणून म्हणाली, "मघाशी म्या म्हणलं, आत येऊन टेका जरा. तर म्हणाले, नको, भाबी. मी इथं हाय हे धुळाप्पाला सांगू नका. त्याला शरम वाटंल."

धुळाप्पाच्या हातातली पट्टी खाली पडली.

तुळजाबाईनं एक तांब्या त्याच्यापाशी ठेवला, दुसरा चाकापाशी, आणि ती आत गेली.

तो जमिनीकडं बघत राहिला. माफी मागावी असं त्याला फार वाटलं.

मग त्यानं नजर उचलली.

चाकापाशी कुणी नव्हतं. तिथल्या तांब्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं, आणि अजून हलत होतं.