जिभेचं वजन

ध्रुवतळावर झोपायला गादी लागत नाही. भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरायचं आणि डोळे मिटायचे. अंगाला वजनच नसल्यामुळे कूस अवघडण्याचा प्रश्न येत नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या या तळावर आल्यापासून ओवी खोत रोज ताजीतवानी उठत होती, आणि त्याचं सगळ्यात जास्त नवल तिचं तिलाच वाटत होतं.

देवरुखला घरी असताना पहाटे छाती धडधडून तिला जाग यायची. दिवसभर काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहायचं. पुढे पुढे कशातच मन लागेना. औषधं झाली, समुपदेशन झालं. आईही तशीच, कायम खिन्न. त्या घरातच दुःख आहे, अशी ओवीची खात्री पटली होती. आता तळावर कायमची नेमणूक मिळत होती. तिने आईला फोनवर सरळ सांगून टाकलं, "तुझ्यापासून लांब आले म्हणून मी बरी झाले गं."

आई म्हणाली, "मग लांबच राहा, बाळा. सुखात राहा."

नेमणुकीआधी हाडांच्या तपासणीसाठी काही दिवस वजनघरात राहावं लागे. वजनघर म्हणजे गरगर फिरणारी मोठी खोली. फिरण्यामुळे तिथे पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. तिसऱ्या सकाळी ओवी तिथे घामाघूम होऊन उठली. छाती धडधडत होती. विनाकारण रडू येत होतं.

"इथे घर नाही, आई नाही," ती डॉक्टर नाझनीन मुजावरांना म्हणाली. "मग हे आलं कुठून?"

"तुमच्या जिभेला वजन आलं, तिथून." डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या. तिच्या झोपेवर त्यांनी नजर ठेवली होती. "झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. तुमचा जबडा अरुंद. वजनाने जीभ मागे घसरते, श्वासाची वाट बुजते. याला निद्राश्वासरोध म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून तुम्हाला हलवतो, तुम्ही श्वास घेता आणि पुन्हा झोपता. तुम्हाला पत्ताही लागत नाही. रात्रभर हेच चालतं. असा मेंदू दिवसा भेदरलेला, उदास राहिला तर त्यात नवल काय?"

"पण मी घोरत नाही. जाडही नाही."

"म्हणून तर कुणाला संशय आला नाही. प्रत्येकाच्या नैराश्याचं मूळ श्वासात नसतं. तुमच्या नैराश्याचं आहे. असा जबडा घरात आणखी कुणाचा?"

ओवीचा हात हनुवटीकडे गेला. "आईचा."

त्या दिवशी तिने नेमणूक नाकारली. आईला बोललेलं ते वाक्य तिला फोनवर मागे घ्यायचं नव्हतं; ती देवरुखला परतली.

आई आधी उपचाराला तयारच होईना. "आयुष्यभर गोळ्या खाल्ल्या मी. आता नवीन काही नको." ओवीने डॉक्टरांनी दिलेली कंठधार आपल्या हनुवटीखाली लावून दाखवली. ही बोटभर पट्टी, झोपेत जीभ मागे सरकू लागली की तिच्या स्नायूला हलकेच चेतवून पुढे आणते. मुलीने लावली म्हणून आईनेही लावली.

काही आठवड्यांत आईचा चेहरा उजळला. ती शेजारणीशी गप्पा मारू लागली, चक्क गुणगुणू लागली. ओवी बघत राही. ही बाई रोज रात्री बुडत होती आणि रोज सकाळी उठून शाळेत मुलांना भूगोल शिकवत होती. एवढं बळ तिने आणलं कुठून? ध्रुवतळावर एकाहून एक धाडसी माणसं तिने पाहिली होती. त्यांतलं कुणीही आईच्या जवळपास पोचत नव्हतं.

एका सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "तू लहान असताना तुला मावशीकडे ठेवलं. वाटायचं, माझ्या उदासपणाची सावली तुझ्यावर नको. आजची मी असते तर तसं कधीच केलं नसतं." तिने कप खाली ठेवला. "मग तुला सोडून आली, ती कोण होती गं?"

"तूच, आई. दर रविवारी एसटीने मला भेटायला यायचीस."

आईने हनुवटीखालची पट्टी चाचपली.

"आणि आज ही गुणगुणते आहे, ती कोण?"