सात रिकाम्या पिशव्या

सात काळ्या पिशव्या. प्रत्येकीवर वरून खाली एकच सरळ चीर, वीतभर लांब. मग चौघडी घालून दगडाखाली ठेवलेल्या.

"चोर टापटिपीचा आहे," सूरज म्हणाला. तो त्रिशलाताईंची गाडी चालवायचा आणि तपासात न मागता मतं द्यायचा. ताई टिळकवाडीतून तपासाची कामं घेत.

लोंढ्याजवळच्या त्या चार एकरांच्या राखीव राईत धुकं इतकं खाली आलं होतं, की सीता-अशोकाची तांबूस कोवळी पानं हवेतच लोंबत होती. जुनी झाडं तीनच उरलेली. त्यांच्या बियांपासून वाढवलेली सात रोपं पहाटे नाहीशी झाली होती.

"सांजपातूर मिळाली न्हाईत तर सायब कामावरनं काढत्यात," राखणदार भरमू म्हणाला. त्यानंच ताईंना बोलावलं होतं.

"रोप पिशवीतून कसं काढतोस?"

"उलटं करून टिचकी मारायची. पिशवी फाडत न्हाय, फुडल्या साली लागती."

शेजारच्या माळावर सिमेंटचे सात खांब गवतात आडवे पडले होते. माळाचा कारभार बघणारा वृषभ घराच्या ओसरीवर चहा पीत होता.

"काल खड्डे मारून घेतले. कुंपण झालं की जागा रिसॉर्टवाल्याला. रोपं घेऊन मी काय करू?"

त्याची आई, राजमतीआक्का, डाळ निवडत होती. "चातुर्मास हाय गं बाई. मातीतले जीव मरत्यात, म्हणून मी कुदळ लावत न्हाय. आमचे हे म्हणायचे, ही जागा राईला देऊ. ते गेले, तीन वर्षं झाली." एवढं बोलून तिनं लेकाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

बाहेर येताच सूरज म्हणाला, "भरमूच. दुसऱ्या कुणाला रोपं लावता येतात?"

"मत खिशात ठेव," ताई म्हणाल्या, "आणि सगळ्यांना माळावर बोलाव."

सगळे जमले.

"भरमू पिशवी फाडत नाही. वृषभला रोपं नको होती. त्यानं ती फेकली असती, पिशव्यांच्या घड्या घातल्या नसत्या. ज्यानं नेली त्याला ती जगवायची होती, पण माती खणायची नव्हती. आयते खड्डे इथं सात आहेत."

धुकं हललं. प्रत्येक खड्ड्यात एकेक तांबूस पान लोंबत होतं; बाजूची सुटी माती हातानं लोटलेली.

"आई?" वृषभ म्हणाला.

आक्का भरमूकडं वळली. "तुझ्यावर येईल हे ध्यानातच आलं न्हाय रं."

मग लेकाकडं.

"खांब परत पाठीव. जागा माझ्या नावावर हाय; ती मी राईला दिली."