प्रेसवरची माळ

"अक्का, लौकर या! ह्यांस शुद्ध आली की पोलीस धरणार म्हणतात."

सरोजाचा फोन आला तेव्हा विद्युलता चेन्नईत वेस्ट मांबलमच्या घरी दसऱ्याचं श्रीखंड वाट्यांत काढत होती. तिची सगळी नोकरी स्फोटकं तपासण्यात झाली होती, आणि सरोजाचा नवरा राणोजी तिच्याच हाताखाली घडला होता. आता तो सिरुसेरीपलीकडच्या एका खासगी चाचणी केंद्रात होता. आज सकाळी तिथे स्फोट झाला आणि राणोजीला बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेलं होतं.

केंद्राचा प्रमुख मकरंद, मूळचा पुण्याचा, फाटकातच भेटला.

"चाचणीच्या नळीतली पूड नुसती जळायची होती," तो म्हणाला. "राणोजीने चुकून जोरदार पेटवणी लावली."

"नळी भरली कोणी?"

"मी. काल संध्याकाळी, प्रेसखाली घट्ट दाबून."

"एकट्याने?"

"कामगार पूजा करून गेले होते. आज दिल्लीचे पाहुणे येणार, मग करणार काय?"

उत्तरं कशी जिभेवर तयार होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

इन्स्पेक्टर तुळसीने नळीचे तुकडे ताडपत्रीवर मांडले होते. पेटवणीकडचे तुकडे मोठे, केळीच्या सालीसारखे उलगडलेले. दुसऱ्या टोकाचे नखाएवढे. विद्युलता त्यांच्यापाशी बराच वेळ उकिडवी बसली.

शेजारच्या खोलीत प्रेस शाबूत होता. अंगावर चंदनाचे टिळे. दट्ट्या आणि बाजूचे खांब एकत्र वेढून बांधलेली शेवंतीची माळ सुकली होती.

"ही कधीची?"

"काल दुपारीं ह्यांनीच बांधली," फाटकापासून मागोमाग आलेली सरोजा म्हणाली. "नवमीची आयुधपूजा ना, अक्का. दुसरे दिवशीं ह्यांनी उतरवल्यावाचून यंत्रास कोणी हात लावीत नाहींत. आज पाहुण्यांच्या घाईंत उतरवायास वेळच मिळाला नाहीं."

मकरंद घड्याळ बघू लागला.

"जाऊ नकोस, मकरंद," विद्युलता म्हणाली. "पेटवणी जोरदार असती तर तिच्याकडच्या टोकाचाच चुरा झाला असता. ते नुसतं फाटलंय. म्हणजे आग साधीच लागली आणि पुढे जाता जाता तिचा स्फोट झाला. घट्ट दाबलेली पूड थराथराने जळते, आगीला आत शिरायला वाट नसते. सैल पुडीत कणाकणांमध्ये फटी राहतात. तापलेला वायू त्यांतून पुढे घुसतो, पुढची पूड पेटवतो, दाब चढत जातो. शेवटी धक्क्याची लाट उठते. तिला वायूचीही गरज नसते, ती पुडीला दाबूनच पेटवते."

"पण मी दाबली होती!"

"कशाने? दट्ट्या वीतभर सरकला असता तरी माळ तुटली असती. दोरा अखंड आहे."

मकरंद भिंतीला टेकला.

"आमच्याकडे पूजा दसऱ्याला होते. मला वाटलं, काल प्रेस मोकळा असेल. येऊन बघतो तर ही माळ. तोडली असती तर आज एकही कामगार आला नसता. म्हणून हातानेच भरली."

"आणि राणोजीला दाबलेलीच आहे म्हणून सांगितलंस. जळणाऱ्या नळीपासून जेवढं लांब उभं राहतात, तेवढ्यावरच तो उभा राहिला. वर दोषही त्याच्याच माथी! चोर सोडून संन्याशाला फाशी!" संतापाने विद्युलताचा आवाज चिरकला.

पुरावा म्हणून तुळसीने माळेला कात्री लावायला हात पुढे केला. सरोजा मध्ये उभी राहिली.

"फोटो काढा, अम्मा," ती तमिळमध्ये म्हणाली. "उतरवायला ते स्वतः येतील."

तुळसीने कात्री खिशात ठेवली आणि मकरंदला जीपकडे चालायला सांगितलं.