लामोराची हिरवी ओळ

पटलं तर माना, नाही पटलं तर हसा. मी मात्र हसू शकत नाही, कारण हे माझ्या हातून घडलंय.

इंडोनेशियातलं बाऊ-बाऊ शहर. मार्चमधला पहिला शुक्रवार, भर दुपारचा पाऊण. ऑफिसातले सगळे पुरुष नमाजाला गेले होते. नेटवर्कच्या खोलीत मी एकटी.

आमची कंपनी बेटाबेटांवर टॉवर उभारून इंटरनेट पोचवते. सिग्नल कुठल्या वाटेने न्यायचा ते सॉफ्टवेअर आपोआप ठरवतं. पण आमचे साहेब, पाक हमदान (पाक म्हणजे आमच्याकडे 'राव'), जुन्या वळणाचे. "यंत्राने एकदा वाट निवडली म्हणून ती जन्मभर चांगली राहत नाही," म्हणायचे. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रत्येक वाट पुन्हा तपासायची. पडद्यावर तिची ओळ हिरवी, म्हणजे चालू, आहे का बघायचं, आणि टॉवरच्या राखणदाराला फोन करून विचारायचं, "टॉवर उभा आहे ना?"

मी तीन महिने एकही फोन केला नव्हता. ओळ हिरवी दिसली की टिक मारून मोकळी.

"सारी, टिका मारतेस की कोंबड्यांना दाणे टाकतेस गं?" पाक हमदान चिडवायचे. मीही दात काढायचे.

त्या दुपारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझी धाकटी बहीण निया तोंगाली बेटावर बाळंतपणात अडली होती. तिथल्या दवाखान्यात एकटी सुईण. शहरातली डॉक्टर व्हिडिओवरून तिला एकेक गोष्ट सांगत होती. समुद्रातली केबल दोन दिवसांपूर्वीच तुटलेली.

वाट एकच उरली होती... लामोरा बेटाच्या टेकडीवरल्या टॉवरवरून.

ओळ हिरवीगार होती. पण आज मला तिचा भरवसा वाटेना. मी लामोराच्या राखणदाराला, ला हुसा काकांना, फोन लावला.

एक रिंग... दोन... तीन...

उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला.

"ला हुसा काका? मी सारी, ऑफिसातून. टॉवर उभा आहे ना?"

"आहे, बेटा." आवाजाला धाप लागली होती. "धरून ठेवलाय मी."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

"बऱ्याच दिवसांनी फोन केलास," तो म्हणाला.

मी ओशाळले. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पाक हमदान.

"सारी, डिझेलची बोट आत्ता लामोराला पोचली, बोटवाल्यांचा फोन होता. टॉवर आडवा पडलाय. वर वेली चढल्यात. डिसेंबरच्या वादळातच गेला असणार."

"आणि... काका?"

"टॉवरखालीच सापडले. हाडं उरलीत नुसती. अगं, तू दर महिन्याला फोन करत होतीस ना?"

दुसऱ्या कानाला रिसीव्हर तसाच होता.

त्यातून हळूच आवाज आला...

"आता सोडू का, बेटा? हात भरून आलेत."

पडद्यावर डॉक्टरचा निरोप होता. बाळ आलंय, रक्त थांबत नाही, लाइन तोडू नका.

मला सगळं कळलं होतं. तरीही मी म्हणाले, "थांबा काका. थोडा वेळ. माझी बहीण आहे तिथे."

"बरं," तो म्हणाला.

राग नव्हता हो त्या आवाजात. तेच मला सोसत नाही.

चाळीस मिनिटं मी रिसीव्हर कानाला लावून बसले. वारा... धाप... मधेच लोखंड करकरल्याचा आवाज. मग निरोप आला, रक्त थांबलं.

"सोडा काका! आता सोडा!" मी ओरडले.

उत्तर आलं नाही. वारासुद्धा थांबला होता.

निया आणि तिची मुलगी ठणठणीत आहेत. काकांना टेकडीवरच पुरलं. त्यांना मागेपुढे कोणी नव्हतं, माती आम्हीच दिली. लामोराची ओळ पाक हमदाननी स्वतः काढून टाकली. दहा मिनिटांत सॉफ्टवेअरने ती वाट पुन्हा शोधली... हिरवी. तीनदा काढली, तीनदा आली. आता ते त्या ओळीकडे बघतही नाहीत.

आज पुन्हा महिन्याचा पहिला शुक्रवार आहे. बाकीचे सगळे फोन करून झाले. लामोराचा नंबर अर्धा फिरवून मी तीनदा ठेवलाय.

काका फोन उचलतील, याचीच मला भीती वाटते.