धर, ढील, सोड

खऱ्या दोरीवर झोका घ्यायचा नसतो. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसण्याच्या आमच्या कामाचं सगळं शिक्षण एवढंच आहे. दोरी सरळ खाली पाहिजे. ती तिरकी झाली की माणूस घड्याळाच्या लंबकासारखा एका बाजूला जातो आणि वरची दोरी कुठल्यातरी कडेवर घासून तुटते. सतरा वर्षं मी आणि माझा थोरला भाऊ जोडीने हे काम करत होतो. दादा खाली लटकायचा, मी गच्चीवर दोरी आणि वॉकीटॉकी सांभाळायचो. त्यामुळे दादाच्या मुलीने मला व्हिडिओ गेममध्ये झोके घ्यायला शिकवायचं मनावर घेतलं, तेव्हा पहिले तीन शनिवार माझे हात तिचं ऐकायलाच तयार नव्हते.

तिला आम्ही गाठू म्हणतो. लहानपणी दादाच्या गळ्याला बिलगली की सुटायची नाही, म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. आता ती अकरा वर्षांची आहे. दादाला जाऊन तेव्हा तेरा महिने झाले होते.

दादाचं घर पाचव्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत टीव्ही, त्याच्यासमोर जमिनीवर गादी, आणि बाजूला भिंतभर एकच बंद काच. बाल्कनी नाही, बाहेर पाय टेकायला सज्जा नाही. ती काच आतून लखलखीत आणि बाहेरून इतकी मळकी, की दुपारीही खोलीत दिवा लावावा लागे. वहिनी दादाला येताजाता टोमणे मारायच्या, "जगाच्या काचा पुसतात, घरची एक काही होत नाही." दादा म्हणायचा, "पुसतो गं, एकदा दोरी लावून." वहिनी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतात. शनिवारी त्यांना सुट्टी असते, म्हणून मी शनिवारी जायचो.

गेम दादाचाच. उंच मनोऱ्यांचं एक शहर, आणि हुक लावलेली दोरी फेकत एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जाणारा एक माणूस. त्याला दादाने झुल्या नाव ठेवलं होतं. शेवटच्या मनोऱ्याच्या अलीकडे दादाचा खेळ थांबला होता, आणि गाठूला तो पुरा करायचा होता.

"त्या जागेवर आत्ता नाही जायचं," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. "आधी तू नीट शीक."

"आणि तू?"

"मला येतं. पण तिथे वरचा माणूस लागतो."

मला वाटलं, मुलांच्या खेळातलं काहीतरी असेल. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी कुणालाच काही विचारत नव्हतो. मला आतून काही वाटायचंच बंद झालं होतं. जेवण समोर आलं की जेवायचो, दिवा बंद केला की झोपायचो. गच्चीवर परत गेलो नव्हतो. मालकांनी मला गोदामात दोऱ्या तपासायला बसवलं होतं. मीटरामागून मीटर दोरी बोटांतून सरकवायची आणि कुठे चपटी किंवा मऊ लागते का ते बघायचं. दिवसाला चारशे मीटर. बरं काम आहे, बोलावं लागत नाही.

न बोलण्याचं कारण सांगतो, कारण ते एकट्या मलाच माहीत होतं.

दोरीवर आमचे तीनच शब्द होते. धर, ढील, सोड. हे तीन शब्द वॉकीवर दुसऱ्या कुठल्याही अर्थाने वापरायचे नाहीत, थट्टेतही नाही, हा नियम दादाचा. एखादी गोष्ट जाऊ दे म्हणायचं असेल तर 'राहू दे' म्हणायचं. खालच्याने शब्द परत बोलून दाखवायचा आणि मगच हात हलवायचा.

त्या दिवशी दादा अकराव्या मजल्याच्या कोपऱ्यावर होता. कोपऱ्यापलीकडची काच पुसायला त्याने स्वतःला बाजूच्या दोरीने तिकडे ओढून बांधलं होतं. वॉकीवर म्हणाला, "एक डाग आहे, निघतच नाहीये. आणि ही बाजूची..." पुढे नुसती खरखर. माझ्या हातात डबा होता, झाकण अर्धं उघडलेलं. भूक लागली होती. मी म्हणालो, "सोड रे."

दादा म्हणाला, "सोडतो."

मला वाटलं, डाग.

पुढचं मी पाहिलं नाही. दोरी कडेवर घासल्याचा आवाज आला आणि माझ्या हाताला ती हलकी लागली, इतकंच.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, काय बोलणं झालं? मी म्हणालो, खरखर होती, काही नाही. त्यांनी लिहिलं: कामगाराने सूचना नसताना बाजूची दोरी स्वतः सोडली. शाळेत कुणीतरी गाठूला म्हणालं, तुझ्या बाबाचीच चूक होती. तिने मला एकदाच विचारलं होतं, "काका, बाबा सांगितल्याशिवाय सोडत नाही. वरून कोणी सांगितलं होतं?" मी नाही म्हणालो. त्यानंतर दोन आठवड्यांनी ती मला झोके शिकवू लागली.

ती चांगली शिकवायची. "हुक फेक. पडू दे. अगदी खाली आला की दोरी आखूड कर, वेग वाढतो. आता पाय पुढे. आणि पार वर जायच्या थोडं आधी..." इथे ती थांबायची, झुल्या दोरी सोडून पुढे उडायचा, आणि ती श्वास घ्यायची. उशीर झाला तर माणूस नुसता वर जातो, पुढे जात नाही, हे तिने मला दहादा सांगितलं. कोपऱ्याला दोरीचा वळसा कसा द्यायचा, पडता पडता दुसरा हुक कसा लावायचा, सगळं. माझ्या नाकी नऊ आले तरी झुल्या भिंतीवरच. ती हसायची नाही. "परत," म्हणायची.

दुसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की झुल्या झोका घेण्याआधी हुकवर बोटाने दोनदा वाजवतो. टक, टक. दादाला तीच सवय होती. काम सुरू करताना हुकवर आणि काच पुसून झाली की काचेवर. मी मनाशी म्हटलं, दोरीवाले सगळे सारखेच, गेम बनवणाऱ्यांनी कुणाचं तरी बघून केलं असेल. गोदामात एकाकडे तोच गेम आहे. त्याच्या फोनवर मी बघून घेतलं. त्याचा माणूस काही वाजवत नव्हता. सरळ उडी मारत होता.

तिसऱ्या शनिवारी माझ्या हातात झुल्याने दोरी सोडणंच बंद केलं. मी बटण दाबायचो आणि तो लटकलेलाच राहायचा. हेलकावे कमी कमी होत सरळ दोरीवर थांबायचा. आमच्या कामात थांबतात तसा.

"बटण गेलंय," मी म्हणालो.

गाठूने कंट्रोलर घेतला आणि काहीतरी पुटपुटली. झुल्या सुटला, समोरच्या मनोऱ्यावर नीट उतरला.

"काय म्हणालीस?"

"बाबा म्हणायचा तेच." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नाही म्हणत. तू तो शब्द कधीच नाही म्हणत, काका."

मी पाणी प्यायला उठलो.

चौथ्या शनिवारी झुल्याला दोरीवर लटकता ठेवून आम्ही चहाला थांबलो होतो. कंट्रोलर गादीवर पडला होता. गाठू नखं खात होती. वहिनींनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि ओरडल्या, "ती नखं सोड आधी!"

झुल्याने हुकवर दोनदा वाजवलं, आणि दोरी सोडली.

कंट्रोलरपासून आम्ही दोघंही हातभर लांब होतो. मी टीव्हीच्या मागे जाऊन सगळ्या वायरी बघितल्या. टीव्हीला आवाज ऐकायची सोय नव्हती, कंट्रोलरलाही नव्हती. मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी वायरींवरची धूळ पुसली आणि चहा संपवला.

"झालं तुझं शिकून," गाठू म्हणाली. "पुढच्या वेळी तिथे जाऊ."

पाचव्या शनिवारी दुपारी चारला तिने दादाचा थांबलेला खेळ उघडला.

झुल्या एका मनोऱ्याच्या कोपऱ्याला लटकला होता. सवयीने मी खालून खिडक्या मोजल्या. अकरावा मजला. त्याच्या अंगाला दोन दोऱ्या होत्या, एक वरची आणि एक बाजूची. सबंध गेममध्ये त्याला दोन दोऱ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. समोरच्या काचेवर तळहाताएवढा एक राखाडी डाग होता.

"पुढचा मनोरा कुठे आहे?" मी विचारलं.

"नाहीये. मी सगळीकडे शोधला."

तिने कंट्रोलर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि हात मांडीखाली घेतले.

"आता तू सांग," ती म्हणाली.

टीव्हीतून वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्यात खरखर सुरू झाली. ती खरखर मी ओळखतो. आमच्या वॉकीची बॅटरी उतरली की यायची.

झुल्याचा हात बाजूच्या दोरीच्या हुककडे गेला. तिथेच थांबला. कुणीतरी काही बोलेल म्हणून माणूस थांबतो, तसा.

"काका."



हुक अर्धा उघडला.

"राहू दे," मी म्हणालो. मग मोठ्याने, "राहू दे, दादा. राहू दे."

हात थांबला. हुक मिटला. त्यावर दोनदा बोट वाजलं.

गाठूने टीव्हीवरची नजर हलवली नाही. "त्या दिवशी हे म्हणायचं होतं?"

"हो."

"मग काय म्हणालास?"

"सोड म्हणालो."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, हात ओलेच. टीव्हीवर दोन्ही दोऱ्या हलत होत्या आणि दोन्ही रिकाम्या होत्या. मी गेममधल्या खालच्या रस्त्यावर पाहिलं, अशा वेळी जिथे पाहतात तिथे. तिथे कुणी पडलं नव्हतं.

"चौदा महिने, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "चौदा महिने माझ्या घरी चहा पीत होतात तुम्ही."

सोमवारी मी त्या चौकशीच्या साहेबांकडे गेलो आणि खरं काय ते लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, सही घेतली. माझं गोदामातलं काम गेलं. दादाच्या कागदावरची ती ओळ खोडली गेली, आणि बदललेल्या कागदाची प्रत मी वहिनींच्या दाराखालून सरकवून आलो. बेल वाजवायची हिंमत झाली नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी वहिनींचा फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या.

दार उघडलं तेव्हा आधी मला घरच चुकलं असं वाटलं. खोलीत ऊन आलं होतं. गादीवर, भिंतीवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. ती मोठी काच बाहेरून पुसलेली होती. वायपरचा एकही ओघळ नाही, कडा कोरड्या केलेल्या. असं काम करणारा माणूस मी एकच पाहिला आहे.

मी गच्चीवर गेलो. कुलूप होतं, रखवालदाराकडून किल्ली आणून उघडलं. कठड्यावर बोटभर धूळ होती, दोरी टेकल्याची खूण कुठेच नव्हती. खाली आलो आणि काचेला नाक लावून पाहिलं. उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक राखाडी डाग तेवढा राहिला होता. मी आतून नखाने खरवडला. तो बाहेरच्या अंगाला होता.

"रोज पुसतो," गाठू म्हणाली. तिच्या अंगावर शाळेचा गणवेश होता, वेणी अर्धी घातलेली. "तो डाग नाही निघत त्याला."

"कोण?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"तूच म्हणालास ना, राहू दे. म्हणून राहिला."

"मी डागाबद्दल म्हणालो होतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काचेजवळ गेली आणि बोटाने दोनदा वाजवलं.

बाहेर पाच मजले मोकळी हवा होती, आणि खाली रस्ता.

टक, टक.

वहिनी तिची राहिलेली वेणी घालायला बसल्या. "घरात आता आम्ही दोरीवरचा तो तिसरा शब्द बोलत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इथे असेपर्यंत तुम्हीही जीभ सांभाळा."