सही केलेले कोरे कागद

माझी बायको लहान मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहायची. एकतीस वर्षांत एकोणीस पुस्तकं. मुलांची पत्रं यायची, ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. तिचं अक्षर तिचं तिलाही लागत नसे, म्हणून टाइप मी करायचो. ती एका बैठकीत पन्नास कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून ठेवी आणि मग स्वयंपाकघरातून ओरडून मजकूर सांगे.

ती गेली तेव्हा मी औषध आणायला खाली गेलो होतो. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या मुलीला गोष्ट सांगत होती, असं नर्स म्हणाली.

"माझ्यासाठी काही निरोप?"

"नाही हो. तसं काही बोलल्या नाहीत."

मुलांची पत्रं थांबली नाहीत. सह्यांचे बारा कागद उरले होते, फेकवेनात. त्यांतल्या अकरांवर मी दोनच ओळी टाइप करून अकरा मुलांना पाठवल्या: 'लेखिका आता हयात नाहीत. पुढचं पुस्तक येणार नाही.'

प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला. एका पालकानं त्यांना पत्र दाखवलं होतं.

"अहो काका, खाली सही त्यांचीच! आपण गेल्याचं आपणच कळवतायत होय?"

"मग काय, कागद वाया घालवू?"

"धन्य आहात!"

पुढच्या आठवड्यात एका मुलीचं पत्र आलं. 'इतकं मोठं उत्तर दिलंस! पुढच्या पुस्तकात कोल्हा परत येणार हे मी कुणालाही सांगणार नाही.' मी कार्बन प्रत काढून बघितली. दोनच ओळी. पत्राखाली नंबर होता, फोन लावला. तिची आई म्हणाली, "असं काय आजोबा? तुम्हीच पाठवलंत ना? चांगलं पानभर आहे."

मी ते परत मागवलं. खरंच पानभर होतं. टाइप माझ्याच मशीनचा, तुटक्या पायाच्या 'क'चा. दर तिसऱ्या ओळीत तिचं 'बरं का'. माझ्या दोन ओळी कुठेच नव्हत्या.

घाबरायला हवं होतं. मला संताप आला. परक्या पोरांना पानपानभर, आणि चौतीस वर्षं जिच्याशी संसार केला तिच्याकडून मला एक शब्द नाही!

शेवटच्या कागदावर त्याच दोन ओळी टाइप केल्या. पाकिटावर माझंच नाव, माझाच पत्ता. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं आणि म्हणालो, "आता मला लिही." रस्त्यावरची एक बाई थांबून बघायला लागली.

चौथ्या दिवशी पाकीट आलं. दारातच फोडलं.

माझ्या ओळी नव्हत्या.

पानभरही नव्हतं.

'प्रिय बाळा, तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस, बरं का. माझी पत्रं टाइप करणारे गृहस्थ आता हयात नाहीत.'